परसातलं खेळघर

"माझ्या करवतीला हात लावायचा नाही," सुतार म्हणाला.

"नाही लावत," बायको म्हणाली आणि तिने त्याचा रंधा उचलला.

परसात तिच्या चार फळ्या उभ्या राहिल्या होत्या. दोघी मुलींसाठी ती खेळघर बांधत होती. धाकटीचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. बादली पालथी घालून ती परसाच्या मधल्या भिंतीवर चढली होती, पलीकडे चुलतभावंडांकडे उतरायला. खाली आली ती हात मोडूनच.

ती भिंत पूर्वी नव्हती. परस दोघा भावांचं एकच होतं. सासरे गेले आणि दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी लागायचं, यावरून दोघांचं वाजलं. दोघेही सुतार, दोघेही हट्टी. थोरल्याने, म्हणजे या सुतारानेच, एका रविवारात पुरुषभर उंच भिंत घातली. सिमेंट कमी, राग जास्त. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता, जावाजावांनी बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि मुलांनी तर एकमेकांची नावंही घ्यायची नव्हती.

"हात मोडला तरी हौस फिटली नाही पोरीची," सुतार दवाखान्यातून येताना म्हणाला होता. "भिंत आणखी दोन हात वाढवतो."

"वाढवून बघा," बायको म्हणाली होती. एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने खेळघराचं काम काढलं.

आठवडाभर तो हाताची घडी घालून बघत राहिला. सुताराशी संसार केलेली बाई, तिचा खिळा वाकडा जात नव्हता. त्याला टोमणा मारायला जागा मिळेना. मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ठकठक ऐकू आली. त्याने कान टवकारले.

"तोही बांधतोय! आपलं बघून करतोय, लेकाचा. सरक बाजूला."

त्याने दुकानातून सागाच्या चांगल्या फळ्या आणल्या. खिडकी केली, खिडकीला कडी केली. पलीकडची ठकठक वाढली की याचा हातोडा दुप्पट चाले. बायको मुलींना शाळेतून आणायला जाताना पिशवीत मोजायची टेप घालून न्यायची. एकदा त्याने विचारलं, तर म्हणाली, "असू दे, लागते." तो कामात बुडालेला. पुन्हा विचारलं नाही.

"छप्पर भिंतीच्या वर काढू," तो म्हणाला. "दिसलं पाहिजे त्याला."

"नाही. भिंतीच्या वीतभर खालीच."

"का?"

"माझ्या मुलींचं घर आहे. उंची मी ठरवणार."

"आणि मागची बाजू उघडीच ठेवलीस ती?"

"तिकडे तुमची भिंत आहे ना."

हे मात्र त्याला पटलं. उलट बरंच वाटलं.

रविवारी सकाळी फक्त छप्पर चढवायचं राहिलं होतं. बायकोने मुलींना लांब पायरीवर बसवलं, पहार उचलली आणि ती खेळघरात शिरली. तिने भिंतीवर तीन ठोके दिले. पलीकडून तीन ठोके आले. सुतार चहाचा कप घेऊन बाहेर येईपर्यंत वरची वीट हलली होती.

"अगं ए, वेड लागलंय का?"

"लांब उभे राहा. डोक्यात पडेल."

एकेक वीट सुटू लागली. त्याने कप खाली ठेवला, धावत जाऊन पहार धरली. तिने ती सोडली नाही. एका पहारीला नवराबायकोचे चार हात.

"सोडा," ती म्हणाली. "आज हात मोडलाय. उद्या मान मोडायची वाट बघायची आहे का?"

त्याने पायरीकडे पाहिलं. मग त्याचे हात सुटले.

भिंत कंबरेखाली आली, पुढे गुडघ्याखाली, आणि शेवटी जमिनीला लागली. धूळ बसली तेव्हा समोर जाऊ उभी होती, केसांपासून पायांपर्यंत विटकरी झालेली. तिच्यामागे दुसरं खेळघर होतं. तेही छपराविना, तेही या बाजूने उघडं. त्याच्या बाजूच्या फळ्या याच्या फळ्यांच्या बरोबर समोर, एका रेषेत. सुताराला पिशवीतून शाळेत जाणारी टेप आठवली; जाऊही तिची मुलं आणायला त्याच शाळेत जायची. पलीकडे धाकटा भाऊ रंधा हातात धरून, तोंड उघडं टाकून उभा होता. आपण थोरल्याच्या वरताण खेळघर बांधतोय, असं त्यालाही आतापर्यंत वाटत होतं.

मुलं या घरातून त्या घरात गेलीसुद्धा. प्लास्टरचा हात सगळ्यांच्या पुढे.

"भिंत पाडलीत तुम्ही दोघींनी," सुतार कसाबसा म्हणाला.

बायकोने तळहातांवरची धूळ झटकली.

"तुम्ही सुतार ना? मोजा की. घराला चार भिंती लागतात. ही पाचवी होती."