कडेवर

सारंगखेड्याच्या दगूबाईची सुमी जन्मापासून पायांनी अधू. मांड्या एकमेकींवर अशा आवळलेल्या, की दोन्ही हातांवर आडवी धरल्याशिवाय तिला उचलता येत नसे. अंघोळीला पाय फाकवले की ती किंचाळे. त्रेसष्ट साली, ती सात वर्षांची असताना, धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं.

"खुब्याचा सांधा निसटत चाललाय. जांघेतले आखडलेले स्नायू कापून पाय मोकळे करावे लागतील."

"मंग पोर चाली का?" सुमीच्या बापानं, हिलालनं विचारलं.

"नाही. चालणार नाही."

"मंग कापीसन काय उपेग?" हिलाल उठलाच.

दगूबाई बसून राहिली. "मन्हा कडेवर बसी का?"

"बसेल."

"मंग कापा."

पुढे प्लास्टर निघालं, ठणकाही ओसरला. एका सकाळी दगूबाई डोक्यावर धुण्याचं गाठोडं आणि कडेवर सुमी घेऊन तापीवर गेली. बायकांचे हात थांबले.

"चालाले लागनी का वं तुन्ही पोर?" शेजारच्या रंजनाबाईनं विचारलं.

"नही वं." दगूबाईनं एका हातानं गाठोडं उतरवलं. "पन मन्हा कडेवर नदीवर ते उनी. सात वरीसमा मी बी आजच."