अडगळ

दुकानाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेताना धाकटीने कंट्रोल पॅनलमधल्या जुन्या डीएनएस नोंदी, म्हणजे दुकानाच्या इंटरनेटवरच्या पत्त्याच्या नोंदी, अडगळ समजून सरसकट पुसून टाकल्या. साइट झकास उघडली.

पुढे एकदा बाबा म्हणाले, "तुझ्या दादाला दुकानाच्या मेलवरून लिहिलं होतं, झालं गेलं विसर, घरी ये. फोन तर तो उचलतच नाही. मेललाही उत्तर नाही."

तिने कंट्रोल पॅनल उघडलं. पुसलेल्यांत दुकानाच्या पत्त्यावर मेल आत येण्याची नोंदही होती. ती तिने घाईघाईने परत टाकली.

"बाबा, पुन्हा एकदा लिहा ना."

त्यांनी लिहिलं. लगेच उत्तर आलं: हा पत्ता अस्तित्वात नाही.

"बघ, पत्ताच बंद केला पठ्ठ्याने. इतका राग?"

दादाने बाबांना उत्तर लिहिलं तेव्हा हेच वाक्य आपल्याकडून त्याला गेलं असणार, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने कंट्रोल पॅनल बंद केलं.