ओल्या बाटलीवरची चिठ्ठी

"थोरलीला बाहेर काढू नका, मॅडम. तिच्या नळ्या आतून गंजताहेत."

तपासनिसाने पाण्याच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. बंदरात दोन पाणबुड्या होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. त्यांची यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्यात समुद्राचं मीठ उतरलं की नळ्यांना गंज धरतो. ते पाणी तपासणं हे त्याचं चोवीस वर्षांचं काम.

प्रयोगशाळेच्या मॅडम वयाने त्याच्या लेकीएवढ्या, पण नजर करडी. "काका, उद्या पहाटे निघायचीय ती. तुमचा मुलगा आहे ना तिच्यावर?"

"आहे."

"आणि त्याची रजा दोनदा नामंजूर झाली."

तपासनिसाची बायको इस्पितळात होती. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या, फार तर चार दिवस, असं डॉक्टर म्हणाले होते. दार वाजलं की ती मान वळवायची, मग पुन्हा भिंतीकडे बघायची. ते बघून त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता.

"माझा भरवसा नसेल तर स्वतः तपासा," तो म्हणाला.

मॅडमनी थोरलीची बाटली उचलली. तिच्यावरच्या नावाच्या चिठ्ठीचा कोपरा सुटला होता. त्याने तो अंगठ्याने दाबला. "डिंकच भिकार आलाय यंदा."

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? आधी कोरड्या बाटलीला चिठ्ठी, मग पाणी. ओल्या काचेला डिंक धरत नाही." त्या हसल्या.

त्यांनी मीठ दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यांचं हसू मावळलं. धाकटीचं पाणी मात्र नितळच राहिलं.

"नशीब, धाकटी तरी ठणठणीत आहे."

"तिला कुठे घाई आहे? महिन्याने निघणार. तोवर मी पुन्हा तपासेनच," तो म्हणाला.

मॅडमनी सही केली. थोरली थांबली.

तो धावतच इस्पितळात गेला. "उद्या येतोय तो."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. "अहो, केस तरी विंचरा माझे. नाहीतर भूत समजून पळेल."

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी मुलगा आला नाही. बायकोची नजर दारावरून हलत नव्हती. फोन वाजला तसा तो बाहेर पळाला.

"काका, तुमच्यामुळे केवढा अनर्थ टळला!" मॅडम म्हणाल्या. "मोहीमही अडली नाही. थोरलीवरची सगळी माणसं कालच धाकटीवर चढवली. तुमचा अहवाल होताच, पाणी स्वच्छ म्हणून. पहाटे खोल पाण्यात गेलीसुद्धा. आता सहा आठवडे घरच्यांशी बोलणं नाही."

उघड्या दारातून बायको त्याच्याकडेच बघत होती.

"आणि काका, थोरलीच्या बाटलीची चिठ्ठी आत्ता गळून पडली. खाली आणखी एक आहे, तुमच्याच अक्षरातली. तिच्यावर 'धाकटी' का लिहिलंय?"