शेवग्याचा चढ

गोकुळनं बटण दाबलं आणि गाडी कढीपत्त्याच्या झाडाखालून निघाली. इंजिन हातभर लांबीचं, मागे तीन डबे. पण बागेतली मंडळी अशी श्वास रोखून उभी होती, जणू घरातली पोर पहिल्यांदाच परीक्षेला निघाली आहे.

पुंडलिकनगरातल्या घरामागच्या एवढ्याशा बागेत हे रूळ टाकायला सगळा हिवाळा गेला होता. वळणं गोकुळची, पूल त्याच्या कंपनीतल्या दोस्ताचा, बद्रीनाथचा, आणि स्टेशनचा रंग गोकुळच्या बायकोचा, मोनिकाचा. खरी कसोटी मात्र शेवग्यापाशी होती. तिथला चढ गाडी न थांबता चढली तर रूळ राहणार. नाही चढली तर उद्या सगळे उपटून तिथं मेथी. ही शर्त गोकुळच्या वडिलांची, कडूबांची. वैजापूरकडचं शेत भावाच्या हवाली करून लेकाकडे राहायला आल्यापासून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. आताही खुरपं हातातच होतं.

गाडी पुलावरून खडखडत गेली. बद्रीनाथनं स्वतःच्याच पुलासाठी टाळ्या वाजवल्या. मग चढ आला. इंजिन निम्म्यावर गेलं, चाकं जागच्या जागी गरगरली आणि अख्खी गाडी मागं घसरत आली.

"झालं," कडूबा म्हणाले. "चला, बी काढतो मेथीचं."

गोकुळचा चेहरा उतरला. कालच तर याच गाडीनं हाच चढ हसत पार केला होता. त्यानं वाकून रुळावरून बोट फिरवलं. बोट चकाकलं. त्यानं वास घेतला. करडईचं तेल.

"माय, रुळाला तेल लावलंस का?"

"लावलं की," द्वारकाबाई ऐटीत म्हणाल्या. "सकाळी पूजा केली गाडीची, तवाच. नवी गाडी कोरडी कशी चालंल? चढाला तर दोन हात लावले. म्हनलं, बिचारीला सोपं जाईल."

मोनिकानं ओढणी तोंडाला लावली. बद्रीनाथ तर शेवग्याला टेकून खो खो हसायला लागला. आपण काय करून बसलो ते द्वारकाबाईंच्या ध्यानात आलं, तसं त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"म्याच बुडवलं व्हय रे तुझं?"

"नाय गं माय," गोकुळ घाईनं म्हणाला. "शर्त ती शर्त. हरलो मी."

"कोण हरलं?" कडूबा मध्येच बोलले. "तेलानं घसरली, ती हार मी धरत नसतो. मोनिका, भांड्याची पावडर आण."

मग सगळी मंडळी गुडघ्यांवर. कुणी घासणी घेतली, कुणी जुनं फडकं. सगळ्यांत जोर द्वारकाबाईंच्या हाताला होता. तव्याची काजळी काढावी तसा त्यांनी तो चढ घासून काढला. रूळ पुसून कोरडे झाले आणि गोकुळनं देवाचं नाव घेऊन पुन्हा बटण दाबलं.

गाडी चढाला लागली. मंदावली. द्वारकाबाईंनी डोळेच मिटून घेतले. इंजिन शेवग्याच्या बुंध्याला वळसा घालून वर गेलं, मागोमाग तिन्ही डबे, आणि बागेत असा गलका झाला की शेजारचे लोक गच्चीवर आले. बद्रीनाथनं गोकुळला उचललंच.

त्या गडबडीत कडूबा खुरपं घेऊन घराकडे वळले होते. ते पाहिलं आणि गोकुळचा आनंद अर्धा झाला. जिंकून इतकं वाईट वाटेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

"आबा," त्यानं हाक मारली, "मधली जागा मोकळीच हाय. मेथी तिथं लावा ना."

कडूबा थांबले. गाडी दुसऱ्या फेरीला निघाली होती. ती वळणावर जाईपर्यंत ते बघत राहिले.

"मधी नाय. रुळाच्या दोन्ही अंगानं लावतो," म्हणत ते खाली बसले आणि त्यांनी खुरपं मातीत घातलं. "गाडीत बसल्यावर मानसाला बाहेर वावर दिसाया नको व्हय?"