शेवटची फेरी

मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींचा अख्खा मोसम रुद्राणीअव्वांनी केबलवर बघितला होता. जगज्जेता ठरवणारी शेवटची शर्यत मात्र नेमकी गडमुडशिंगीच्या देवळातल्या कीर्तनाच्या वेळेलाच आली. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायचा मान कैक वर्षं अव्वांचाच.

"उशीर केलासा तर मान दुसऱ्याला," पंच गुरुसिद्धांनी बजावलं. "ह्या वयात कसल्या गाड्या बघताय, अव्वा?"

"शर्यत बी बघणार आणि हार बी मीच घालणार," अव्वा म्हणाल्या. "देवाला इचारलंय मी. त्याची हरकत न्हाय."

त्या दिवशी पूर्वरंग काही संपेना. बुवा एकच चरण पुन्हा पुन्हा आळवत राहिले, टाळकरी घामाघूम झाले. शेवटी अव्वा हार घेऊन आल्या आणि वाट अडवून उभ्या राहिलेल्या गुरुसिद्धांना कोपरानं सारून थेट बुवांपुढं गेल्या. त्यांना बघताच बुवांनी चरण सोडला.

 

हारासाठी मान वाकवून ते अव्वांच्या कानाशी पुटपुटले, "अजून किती ताणायचं हुतं, अव्वा? सांग की लवकर, कोण जिंकलं?"