आधीच्या घरमालकाचा नंबर

“घरात माणसं किती, पाहुणे किती येते, ते समजलं काकाजी. आता आधीच्या घरमालकाचा नंबर द्या. इचारल्याबिगर मी कोणालेच घर देत नाही.”

केशवरावांना हसू आलं. हेच प्रश्न त्यांनी अकोल्यात सव्वीस वर्षं लोकांना विचारले होते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आणि त्यासाठी माणसाच्या सात पिढ्या उकरून काढायच्या. आता घर अमरावतीच्या चारुशीलाताईंचं होतं आणि उलटतपासणी केशवरावांची चालली होती. ती कशी लागते, याचं त्यांना मोठं कुतूहल वाटत होतं.

पण घर हवंच होतं. तळमजला होता. लेक देवश्री पलीकडच्याच गल्लीत राहायची. बायको रुख्मिणीबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना जिना चढवत नव्हता. तीन आठवड्यांत पाहिलेलं हे नववं घर.

घरपट्टी, गळती आणि भाडेकरूंची किरकिर यांना कंटाळून केशवरावांनी दिवाळीनंतर स्वतःचं घर विकून टाकलं होतं. गल्लीतल्या आणखी तिघांनी तेच केलं. केशवरावांचं घर घेतलं, ते मात्र वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू नितेशनेच. दुसरी जागा मिळेपर्यंत त्याने दोघांना तिथेच भाड्याने राहू दिलं होतं. तेव्हा आता घरमालक नितेश आणि भाडेकरू केशवराव.

त्याचा नंबर सांगताना मात्र ते दोनदा चुकले. चार वर्षांपूर्वी नितेशला एक मोठी, हवेशीर जागा मिळत होती. तिथल्या मालकाचा चौकशीचा फोन आला, तेव्हा केशवराव म्हणाले होते, “पोट्टा भांडखोर आहे. पानी तं लय वाया घालवते.” साफ खोटं. इतका सरळ भाडेकरू हातचा जाऊ द्यायचा नव्हता, एवढंच. गल्लीतले सगळेच मालक असं करायचे. नितेशची ती जागा हुकली. का हुकली, हे त्याला कधी कळलं की नाही, ते केशवरावांना आजही ठाऊक नव्हतं.

चारुशीलाताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

“केशवराव काकाजी?” पलीकडून नितेश म्हणाला. “ताई, डोळे मिटून द्या घर. असा मानूस शोधून भेटत नाही. शांत, टापटीप. पान्याचा थेंब वाया जाऊ देत नाही. मले तं सख्ख्या काकासारखे आहेत.”

केशवरावांचे डोळे भरून आले. त्याला कळलं नसेल, किंवा कळूनही पोराने मनात ठेवलं नसेल. त्यांना स्वतःची लाज वाटली. आज घरी गेल्यावर त्याला सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं.

चारुशीलाताईंनी फोन बंद केला. टेबलावरची किल्ली उचलली आणि पर्समध्ये टाकली.

“नाही जमत, काकाजी.”

“काहून? एवढं चांगलं तं बोलला तो.”

“म्हणूनच. वीस वर्सं झाले, मीबी भाडेकरू ठेवून राहिली. ज्याले घरातून काढाचं असते ना, त्याचीच एवढी तारीफ करतो आमी.”