गोड भाषा

दोन वर्षं इटलीतल्या कारखान्यात काम करून महांतेश २००४ साली कोल्हापूरला परतला. असलं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून शिवांजलीच्या वडिलांनी तिला राजारामपुरीत इटालियनच्या क्लासला घातलं. आज मंगळवार पेठेत, शिवांजलीच्या घरी, बघण्याचा कार्यक्रम होता. पोहे झाले आणि वडिलांना धीर निघेना.

“बोल की गं इटालियन! पावण्यास्नी कळू दे जरा.”

शिवांजलीनं मान वर केली. सरळ महांतेशकडं बघत ती सावकाश चार वाक्यं बोलली.

“काय गोड भाषा हाय! गाणं म्हटल्यागत वाटतंय,” मुलाची आई म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वडिलांची छाती फुगली. “काय म्हटली ओ ही? आमास्नी काय कळतंय त्यातलं?”

महांतेशनं बशीतला पेढा उचलला. “मी पसंत हाय म्हणत्यात. आमचा बी होकार समजा.”

ती म्हणाली होती, “घरात मराठीत सांगून मार खाल्ला. मला हे लग्न नको. इथं फक्त तुम्हालाच कळेल म्हणून सांगते. नकार तुम्ही द्या.”